काही लागलं का हाताला?

मावशींचं वय त्रेपन्न, आणि केंद्रात येणाऱ्या पाहुण्यांचंही साधारण तेवढंच. पण पाहुणे फाटकातून आत आले की तरुण व्हायचे, आणि मावशी नोकरीला लागल्या त्या दिवसापासून मावशीच होत्या. तेव्हा त्या पस्तिशीत होत्या. पहिल्याच दिवशी कोणीतरी हाक मारली, "मावशी, तेलाचं भांडं सरकवा इकडे," आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलं. त्यांच्याहून वर्षाने मोठ्या असलेल्या बायकासुद्धा टेबलावर पालथ्या पडून त्यांना मावशी म्हणायच्या. मावशींना त्यात काही वावगं वाटायचं नाही. वाटलं असतं तरी सांगणार कोणाला?

केंद्र म्हणजे गावाबाहेरच्या उतारावर तीन बसक्या इमारती. एकीत राहायच्या खोल्या, एकीत जेवणघर, आणि तिसरीत मालिश, वाफ, व्यायाम असा सगळा कारभार. माणसं लांबलांबून, दोन-दोन विमानं बदलून तिथे यायची. आजारी कोणी नसायचं. आजारी माणसाला तिथे प्रवेशच नव्हता. अर्जाच्या पहिल्याच ओळीत तसं ठळक छापलेलं होतं. येणारे सगळे धडधाकट, फक्त घाबरलेले. कोणी आरशापुढे घाबरलेलं, कोणी म्हाताऱ्या आईला पलंगावरून उठवताना घाबरलेलं. अर्जात पुढे एक प्रश्न होता, 'मनाने तुम्ही किती वर्षांचे आहात?' पन्नाशीची माणसं तिथे हटकून अडतीस लिहायची. मग त्यांना एका यंत्रावर उभं करायचे आणि ते यंत्र शरीराचं वय सांगायचं. आकडा कमी आला तर टाळ्या. जास्त आला तर काउंटरवरची बाई गोड हसून म्हणायची, "प्रवासाचा शीण आहे हो, सात दिवसांनी बघू." सात दिवसांनी आकडा उतरायचाच. कसा उतरायचा ते तिचं तिलाच ठाऊक.

मावशींची खोली चार नंबरची. मधोमध उंच टेबल, त्याला चेहरा ठेवायचं भोक, कोपऱ्यात शेगडीवर तेलाचं स्टीलचं भांडं, भिंतीला टॉवेलांची मांडणी आणि दाराला वीतभर काच. अठरा वर्षांत मावशींनी माणसांचे चेहरे फारसे पाहिले नाहीत; त्यांनी पाठी पाहिल्या. पाठीवर हात फिरवून त्या सांगायच्या, की ही बाई दिवसभर उभी असते, हा माणूस एकाच खांद्यावर पिशवी घेतो, हिचं घरात कोणाशी तरी पटत नाही. शेवटचं त्या सांगायच्या नाहीत, नुसतं ओळखायच्या.

हे ओळखण्याचं सगळं काम उजव्या अंगठ्याचं. अंगठ्याला कातडीखालचं दिसतं, असं त्या म्हणायच्या. आखडलेला स्नायू दाबला की हळूहळू सैल पडतो. चरबीची गोळी मऊ असते, बोटाखालून पळते. आणि तिसरं काहीतरी असतं, ते सैलही पडत नाही आणि पळतही नाही. तसलं काही त्यांना एकदाच सापडलं होतं. एका पाहुणीच्या मानेच्या कडेला, कानाच्या खाली, वाटाण्याएवढं. केंद्राचा सक्त नियम होता की पाहुण्यांपाशी दुखण्याचं नाव काढायचं नाही; आपण डॉक्टर नाही. मावशींनी नियम मोडला. "मॅडम, हे जरा दाखवून घ्या कुठेतरी," म्हणाल्या. त्या बाईंनी घरी गेल्यावर दाखवलं, आठवड्यात कापून काढलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की अगदी वेळेवर आलात. व्यवस्थापकांनी आधी मावशींना सगळ्यांसमोर झाडलं. दोन महिन्यांनी त्या बाईंचं आभाराचं पत्र आलं, तेव्हा तेच पत्र चौकट करून वऱ्हांड्यात टांगलं. व्यवस्थापक असाच असावा लागतो.

त्या बाईंची धाकटी बहीण म्हणजे विमेवाल्या बाई. पुढच्याच वर्षी त्या आल्या, त्या मुळी मावशींसाठीच. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होत्या. घर जळालं, जहाज बुडालं, माणूस जिन्यावरून पडला, की त्यात चूक कोणाची आणि किती, हे ठरवायचं त्यांचं काम. नवऱ्यापासून दहा वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या, एक मुलगी, तीही समुद्रापलीकडे. वय मावशींहून एकाच वर्षाने जास्त, पण चालणं असं की वऱ्हांड्यात त्यांच्या मागे जाणाऱ्याला धाप लागावी.

"मावशी, माझं सगळं नव्वदीपर्यंत ठरलेलं आहे," पहिल्याच दिवशी टेबलाच्या भोकातून त्यांचा आवाज आला. "साठीला जिन्याचं घर सोडायचं. पासष्टीला गाडी चालवणं बंद. सत्तरीला मुलीजवळ घर, तिच्या घरात नाही हं, जवळ. तक्ताच केलाय मी."

"आणि नव्वदीनंतर, मॅडम?"

"नव्वदीनंतर मी काही तक्रार करणार नाही."

दोघी हसल्या. मावशींना ही बाई आवडली. पाहुणी आवडावी असा काही नियम नव्हता, पण आवडली. शेवटच्या दिवशी मालिश संपल्यावर बाई उठून बसल्या, टॉवेल गुंडाळला, आणि मोकळेपणाने विचारलं, "मग? काही लागलं का हाताला?"

"नाही, मॅडम. सगळं साफ आहे."

"झालं तर मग. एक वर्षाची चिंता मिटली."

असं दोन वर्षं चाललं. दोन्ही वर्षी मावशींनी मानेपासून टाचेपर्यंत इंच न इंच अंगठ्याने पाहिलं होतं, आणि दोन्ही वर्षी सगळं खरोखरच साफ होतं.

मग अंगठा बिघडला. एका दिवसात नाही. आधी बरणीचं झाकण उघडेना, मग किल्ली फिरेना. मुळाशी, जिथे अंगठा मनगटाला जोडलेला असतो, तिथे एक टेंगूळ वर आलं आणि दाब दिला की कोपरापर्यंत कळ जायची. मावशींची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने आईचा हात उजेडात धरला, अंगठा जरासा फिरवून पाहिला आणि आतून खरखर आली तशी तिचं तोंड उतरलं.

"आई, सांधा झिजलाय हा. काम बंद करायला लागेल."

"बंद करून काय करू?"

"निदान दाखव तरी."

"दाखवलं की कागदावर येतं," मावशी म्हणाल्या. "कागदावर आलं की केंद्रात कळतं. तू गप्प बस."

घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. मावशींचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. चार वर्षांपूर्वी शाफ्टमध्ये पाय सटकला आणि गुडघा कामातून गेला. आता तो खिडकीपाशी बसून शेजाऱ्यांचे पंखे-मिक्सर उघडायचा आणि जमेल तसे बंद करायचा. तसा भला माणूस. मावशींच्या गणवेशाला पुढून पाच बटणं होती, घट्ट काजाची. अंगठा गेल्यापासून सकाळी तोच ती लावून द्यायचा, आणि पाचवं लावताना रोज म्हणायचा, "चला, बाईसाहेब तयार." एक दिवस तो असं म्हणाला नाही, नुसतंच बटण लावलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवशी मावशींना बसमध्ये रडू आलं. कोणी पाहिलं नाही.

केंद्रात दर सहा महिन्यांनी हातपरीक्षा असायची. मालिश खात्याच्या मुख्य बाई स्वतः टेबलावर पालथ्या पडायच्या, डोळ्यांवर पट्टी बांधायच्या, आणि एकेका बाईने येऊन पंधरा मिनिटं हात चालवायचा. कोण आलंय ते त्यांना सांगायचं नाही. दाब कमी पडला की त्या फक्त "पुढे" म्हणायच्या. 'पुढे' ऐकणारी बाई महिन्याभरात टॉवेलखात्यात जायची, आणि टॉवेलखात्यातून वर्षाभरात घरी. मावशींच्या डोळ्यांदेखत अशा तीन गेल्या होत्या. तिघींचे अंगठेच गेले होते. या धंद्यात बाई म्हातारी होते ती आधी अंगठ्यात होते, आणि ते बाहेरच्यांना उशिरा कळतं. तिचं तिला आधीच कळलेलं असतं.

परीक्षेच्या आधी आठ दिवस मावशींनी घरी नवऱ्याला पालथं पाडलं आणि कोपराखालच्या हाताने मालिश करून पाहिली. मनगटापासून कोपरापर्यंतची सपाट बाजू पाठीवर टेकवायची आणि अंगाचं सगळं वजन त्यावर सोडायचं. अंगठ्याला कामच नाही. नवरा म्हणाला, "अगं, हे तर आधीपेक्षा बरं वाटतंय." परीक्षेच्या दिवशी मुख्य बाईही पट्टीखालून म्हणाल्या, "ही कोण आहे? वा!" मावशी वाचल्या. नुसत्या वाचल्या नाहीत, गाजल्या. व्यवस्थापकांनी त्या प्रकाराला 'खोल विश्रांती' असं नाव दिलं, वऱ्हांड्यातल्या फळ्यावर वेगळं लिहिलं, आणि चार नंबरच्या खोलीपुढे नावनोंदणी सुरू झाली. बाकीच्या बायका विचारू लागल्या, "मावशी, हे कुठे शिकलात?"

"आपोआप आलं," मावशी म्हणाल्या.

कोपर छान दाबतं, पण आंधळं असतं. इस्त्री फिरवताना खिशात चिठ्ठी राहिली की बटण, हे इस्त्रीला कळत नाही. ती सगळंच सपाट करून पुढे जाते. मावशींना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पाठीवरून हात फिरायचा आणि त्यांना काही म्हणजे काही दिसायचं नाही. पहिले काही आठवडे फार चुकल्यासारखं झालं. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे मावशींचं दुर्दैव आणि व्यवस्थापकांचं सुदैव.

तिसऱ्या वर्षी विमेवाल्या बाई ठरल्या महिन्यात आल्या. त्या आठवड्यात केंद्रात वीसेक पाहुणे होते. संध्याकाळी पाचला सगळ्यांना मोठ्या खोलीत गोल बसवायचे आणि प्रत्येकाने आपल्याला कसं म्हातारं व्हायचंय ते सांगायचं, असा कार्यक्रम असायचा. मावशी कोमट पाण्याचे ग्लास फिरवत ऐकायच्या. एक गृहस्थ म्हणाले, वय हा नुसता आकडा आहे; सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य मावशींनी अठरा वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं, की म्हणणारा श्वास घेतो त्यावरूनच त्यांना ते येतंय हे कळायचं. दुसऱ्या एका बाईंना सत्तरीत डोंगर चढायचा होता. तिसरे म्हणाले, "माझे वडील शेवटी मला ओळखेनासे झाले. मला तसं नको. बाकी काहीही चालेल." त्यावर कोणी मान डोलावली नाही. सगळे आपापल्या ग्लासात बघत बसले.

विमेवाल्या बाईंची पाळी आली. "मला डोंगर वगैरे नको," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवसापर्यंत माझी बटणं माझ्या हाताने लावता आली की पुरे. मला कोणाच्या हातात पडायचं नाही."

मावशी त्यांच्या मागेच ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गणवेशाच्या बटणांकडे पाहिलं नाही. ट्रे तेवढा दोन्ही हातांनी धरला.

त्या आठवड्यात बाईंची मालिश तीनदा झाली. तिन्ही वेळा कोपराने. "मावशी, यंदा काही वेगळंच चाललंय तुमचं," बाई भोकातून म्हणाल्या. "झोपच येते."

"नवीन पद्धत आहे, मॅडम."

पहिल्या दिवशी मावशींनी ठरवलं होतं की बाईंना तरी अंगठ्याने बघायचं. दुसऱ्या दिवशी ठरवलं, उद्या नक्की. तिसऱ्या दिवशी खरंच अंगठा मानेवर टेकवला आणि दाबला. कळ अशी उठली की डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तोंडातून आवाज निघाला. "काय झालं?" बाईंनी विचारलं. "तेलाचा चटका बसला," मावशी म्हणाल्या. वर पाहिलं, तर दाराच्या काचेतून मुख्य बाई बघत होत्या. रोजची फेरी होती त्यांची, विशेष काही नाही. मावशींनी अंगठा उचलला आणि कोपर टेकवलं. पाठीवरून, खांद्यावरून, डाव्या काखेच्या मागच्या कडेवरून ते कोपर बारा-पंधरा वेळा गेलं. मुख्य बाई समाधानाने पुढे गेल्या.

मग बाई उठून बसल्या, टॉवेल गुंडाळला. "काय, काही लागलं का हाताला?"

इथे मावशींना बरंच काही म्हणता आलं असतं. यंदा नीट पाहिलं नाही, मॅडम. यंदा डॉक्टरकडूनच एकदा तपासून घ्या. निदान नुसतं हसून विषय बदलता आला असता. पण अठरा वर्षांची जीभ, आणि दाराला काच.

"नाही, मॅडम," मावशी म्हणाल्या. "सगळं साफ आहे."

बाई निर्धास्त होऊन गेल्या. जाताना यंत्राने त्यांचं वय चव्वेचाळीस सांगितलं. टाळ्या झाल्या.

पुढच्या वर्षी ठरल्या महिन्यात त्या आल्या नाहीत. मावशींनी काउंटरवर सहज विचारल्यासारखं विचारलं. नोंदणी नाही, एवढंच कळलं. कामं असतील. त्यांच्या तक्त्यात काहीतरी पुढे-मागे झालं असेल. असं म्हणत मावशींनी दोन महिने काढले, पण नावनोंदणीची वही रोज एकदा उघडून पाहायच्या, आणि का पाहतो हे त्यांना नीट माहीत होतं.

एका दुपारी जेवणाच्या सुटीत काउंटरवरून निरोप आला, बाहेर कोणी भेटायला आलंय. फाटकाबाहेर गाड्या लावायच्या जागेजवळ एक बाक होता. त्यावर डोक्याला रुमाल बांधलेली, लोकरीच्या जाड झग्यात एक बाई बसली होती. अगदी जवळ पोचूनही मावशींनी त्यांना ओळखलं नाही. पाठ फिरवून बसल्या असत्या तर ओळखलं असतं.

"आत सोडत नाहीत मला," विमेवाल्या बाई म्हणाल्या. "औषधं चालू असलेल्यांना मनाई आहे ना तुमच्याकडे. बसा, मावशी. अशा बघू नका माझ्याकडे, मला कळतंय मी कशी दिसतेय."

मावशी बसल्या.

बाईंनी सगळं कामातली एखादी फाइल वाचून दाखवावी तसं सांगितलं. डाव्या काखेच्या मागे, पाठीच्या कडेला गाठ. इथून गेल्यावर महिन्याभराने एकदा अंघोळ करताना त्यांना तिथे काहीतरी जाणवलं होतं. "पण मी म्हटलं, महिन्यापूर्वी तर मावशींनी बघितलंय. काही असतं तर त्यांना कळलंच असतं. ताईचं कळलं, तर माझं कळणार नाही?" असं म्हणत सहा महिने गेले. सहा महिन्यांनी पाठ दुखायला लागली, तेव्हा दाखवलं. तोवर ते फुप्फुसात पोचलं होतं. आता कापून उपयोग नाही म्हणाले. औषधं देतायत, तीही किती दिवस ते बघू म्हणाले.

मावशींचे हात मांडीवर होते. ते त्यांनी पदराखाली घ्यावेत तसे गणवेशाच्या घोळात घेतले.

"ताई चिडलीय तुमच्यावर," बाई पुढे म्हणाल्या. "माझं कसं सापडलं नाही, म्हणते. पत्र लिहिणार होती इथे. मी म्हटलं, खबरदार. माझा जन्म गेलाय चूक कोणाची ते ठरवण्यात. यात तुमची काही चूक नाही, मावशी. मीच अंघोळीत लागल्याबरोबर जायला हवं होतं. आणि ती गाठ खोल असणार. काही गाठी खोल असतात, मी वाचलंय सगळं. तुमच्यासारख्या हाताला नाही लागली म्हणजे खोलच असणार. ते सांगायला आले मी. म्हटलं, कधीतरी कोणाकडून तरी कळेल तुम्हाला, आणि तुम्ही जन्मभर मनाला लावून घ्याल."

चार तासांचा रस्ता होता. बाईंच्या पायाशी एक प्लॅस्टिकची पिशवी होती, वाटेत उलटी झाली तर म्हणून घेतलेली. एवढं करून ही बाई हे सांगायला आली होती.

आता सांगावं, असं मावशींना वाटलं. सांगून टाकावं की माझा हात तुम्हाला लागलाच नव्हता. मग त्यांना मुलगी दिसली, आणि खिडकीपाशी बसलेला नवरा दिसला, आणि नंतर या दोघांना पुढे करून आपण आपलीच भीती लपवतोय तेही दिसलं. त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी हात घोळात आणखी आत ओढले.

"एक काम करा," बाई म्हणाल्या. त्यांनी झग्याचा डावा खांदा सैल केला आणि मावशींचा उजवा हात हळूच धरून आत नेला. "कशी असते ते बघून ठेवा. माझा उपयोग संपला, पण उद्या टेबलावर दुसरं कोणी असेल. तुमच्या हाताला एकदा ओळख झाली म्हणजे पुढच्या वेळी चुकणार नाही. बघा. दाबा, मला दुखत नाही."

मावशींनी अंगठा ठेवला.

दाबावं लागलंच नाही. कातडीच्या लगेच खाली, सुपारीएवढं, कडक, जागचं न हलणारं. झिजलेल्या, सुजलेल्या, बरणीचं झाकण न उघडणाऱ्या त्या अंगठ्यालाही ते टेकल्याबरोबर दिसलं. वर्षापूर्वी ते लहान असेल, वाटाण्याएवढं, त्याहून लहान. तेव्हाही दिसलं असतं. हे मावशींना जितकं पक्कं कळलं, तितकं आयुष्यात दुसरं काही कळलं नव्हतं.

बाई मान वळवून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. चूक कोणाची ते ठरवणारे डोळे, पण त्या क्षणी त्यांत नुसती विनवणी होती. डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं, ताईने सगळं ऐकवलं होतं. एवढी एक गोष्ट मात्र त्यांना या बाकावरून घेऊन जायची होती.

"खोल आहे ना?" त्यांनी विचारलं.

मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. हे खोटं आपण हिच्यासाठी बोलतोय की आपल्यासाठी, हे त्यांना तेव्हा कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही.

"हो, मॅडम," त्या म्हणाल्या. "फार खोल आहे."

"बघा! मी ताईला तेच सांगत होते." बाईंचा चेहरा एकदम सैल पडला. त्यांनी श्वास सोडला, झगा सारखा केला, आणि गाडीवाल्याला हात करून बोलावलं. उठायला त्यांना मावशींचा आधार घ्यावा लागला. गाडीच्या दारापाशी त्या थांबल्या, मावशींचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि होती नव्हती ती सगळी शक्ती लावून दाबला.

"रडू नका. आणि हे हात जपा हं, मावशी," त्या म्हणाल्या. "असे हात कोणाला मिळत नाहीत."

अंगठ्यातून कळ कोपरापर्यंत गेली. मावशींनी हात सोडवून घेतला नाही.